रामाकोना एक, सौंसर एक

आई,

काल मला इथल्या एका सेवा क्लबानं त्यांच्या आठवड्याच्या बैठकीला बोलावलं होतं. नव्या माणसांचा क्लब आहे. दुकानदार, एक-दोन वकील, डॉक्टर, संत्र्याच्या बागा असलेले तीन-चार जण आणि त्यांच्या बायका. डोळे तपासायची शिबिरं घेतात, झाडं लावतात, शाळेत दप्तरं वाटतात. चांगली माणसं आहेत. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आपल्या सौंसरमध्ये त्या काळी बायांचं मंडळ होतं म्हणे. तुम्हीच तर एक उरल्या सांगायले. दहा मिनिटं बोला." मी बोलले. तुझी पत्र्याची पेटी सांगितली, विहिरीवरचे बायांचे अक्षरओळखीचे वर्ग सांगितले, देवीची लस टोचून घ्यायला बाया घाबरायच्या तेव्हा तू स्वतःच्या दंडावर आधी टोचून घेतलीस ते सांगितलं. टाळ्या झाल्या. खांद्यावर शाल घातली, हातात तुळशीचं रोप दिलं. सगळं खरंच सांगितलं, फक्त एक दिवस गाळला. घरी आल्यावर काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. जेवले, भांडी घासली, झोपले, आणि आज सकाळी कागद घेऊन बसले.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी तू मंडळ काढलंस. मी सात वर्षांची होते, ताई अकराची. बाबा तहसिलीत कारकून, त्यामुळे तहसीलदारांच्या बाईंना तू ओळखत होतीस. त्या अध्यक्ष झाल्या आणि काम सगळं तुझ्याकडे आलं. दर गुरुवारी दुपारी, घरोघरचे पुरुष जेवून कचेरीत परत गेले की, आपल्या ओसरीवर सतरंजी पडायची. पोस्टमास्तरांच्या बाई, शाळेच्या मास्तरीणबाई, एका बागवाल्याची विधवा सून, अशा आठ-दहा जणी. चहा व्हायचा नाही. चहा झाला की गप्पा होतात असं तुझं म्हणणं. जुनी लुगडी गोळा करून चुलीवरच्या मोठ्या गंजात उकळायची, वाळवायची, चौकोनी फाडून पेटीत भरायची. पेटीत ते कपडे, साबण, मेणकापड, दोऱ्याचं रीळ, औषधाची बाटली आणि एक कैची. नागपूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे तीन महिने जाऊन तू बाळंतपणं शिकून आली होतीस. ज्या गावातून बोलावणं येईल तिथं पेटी जायची, आणि पेटीबरोबर तू.

त्या कैचीनं मी एकदा कागदाचे झेंडे कापले. झेंडावंदन होतं, घाई होती, आणि घरातली दुसरी कैची सापडेना. तू पाहिलंस. मारलं नाहीस. कैची माझ्या हातातून घेतलीस, चुलीवर पाणी ठेवलंस आणि मला शेजारी बसवलंस. "कागदं कापायले दुसरी कैची हाय," म्हणालीस. "हिनं लेकराची नाळ कापतात. तुह्या हाताची घाण कोणाच्या अंगात जाईल, समजते का?" पाणी खदखदत राहिलं आणि मी बसून राहिले. झेंडावंदन बुडालं. मैदानावर गाणं म्हणत होते ते आपल्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. तूही ऐकत होतीस. ऊठ म्हणाली नाहीस.

तेरावं लागलं तेव्हा तू मला एक फाउंटन पेन दिलंस, निळं, टोपणाला पिवळी पट्टी. "तुझं अक्षर चांगलं हाय. आजपासून मंडळाची कार्यवाही तू लिहायची." मी खूश झाले होते. तेव्हापासून दर गुरुवारी भिंतीला टेकून मी लिहायची. मंडळाचा नियमही माझ्याच अक्षरात आहे: ज्या घरचं बोलावणं आधी येईल तिथं पेटी आधी जाईल, आणि एकदा गेलेली बाई मुलामागची वार पडेपर्यंत तिथून हलणार नाही. पोस्टमास्तरांच्या बाईंनी विचारलं होतं, "अन् मोठ्या घरचं बोलावणं आलं तं?" तू म्हणालीस, "मोठ्या घरची बाई काय वेगळ्या जागेतून बाळंत होते?" सगळ्या हसल्या. ते वाक्य तू मला लिहू दिलं नाहीस.

आता तो दिवस. ताईचं पहिलंच बाळंतपण. पांढुर्ण्याहून, सासरहून, तिला सातव्या महिन्यात आणलेलं. तुझ्या हिशेबानं अजून तीन आठवडे होते. चैत्र संपत आलेला, ऊन कडक. सकाळी रामाकोन्याहून एक माणूस बोलवायला आला आणि तू छोट्या लाईनच्या रेल्वेगाडीनं गेलीस. जाताना ताईच्या पोटावर हात ठेवलास, "याले अजून घाई नाही," म्हणालीस. दुपारी ताईला कळा सुरू झाल्या. बाबांनी कचेरीतल्या चपराशाला सायकल देऊन रामाकोन्याला पिटाळलं. शेजारची म्हातारी दाई आली. डॉक्टरीण तेव्हा थेट छिंदवाड्यालाच. आम्ही पाणी तापवलं, लुगडं फाडलं. दाई आत शिरताना ताई कण्हत कण्हत मला म्हणाली, "तिले हात धुवाले लाव." मग स्वतःच हसली. "आईचं भूत शिरलं माह्या अंगात."

चपराशी परत आला तो एकटाच. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. बाबा अंगणातच उभे होते. तो म्हणाला, "साहेब, बाई म्हणाल्या, तिथं पोर आडवं हाय. सोडून येता येत नाही. दाईले साबणानं हात धुवाले लावा, ताईले उठू देऊ नका. सुटका झाली का निघतो."

"अन् काही म्हणाली?"

"नाही साहेब. पुन्हा आत गेल्या."

आत ताई दर थोड्या वेळानं विचारायची, "आई आली का?" आणि मी म्हणायची, "येऊन राहिली." किती वेळा म्हणाले ते मोजलं नाही. शेवटी शेवटी ती विचारायची थांबली, तरी मी म्हणत राहिले. मूल झालं, ते रडलं नाही. दाईनं पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात फुंकलं, तरी रडलं नाही. मग रक्त थांबेना. आम्ही कपडा लावायचो, तो भिजायचा, दुसरा लावायचो. दिवेलागणीच्या आधी ताई गेली.

तुझं बैलांचं खाचर दिवेलागणीला दारात आलं. तू पेटी मांडीवर घेऊन बसली होतीस. मी दारात उभी होते. तू माझ्याकडे पाहिलंस आणि काही विचारलं नाहीस. खाली उतरलीस, पेटी ओसरीवर ठेवलीस, न्हाणीत गेलीस. साबणानं हात धुतलेस, कोपरापर्यंत, नखांतून ब्रश फिरवलास, नेहमी धुतेस तितका वेळ. मग आत गेलीस. आतून आवाज आला नाही. मी बराच वेळ आवाजाची वाट पाहिली.

नंतर छिंदवाड्याची डॉक्टरीण म्हणाली, तुम्ही असता तरी काही करता आलं नसतं, रक्त थांबवायचं औषध तुमच्या पेटीत नव्हतंच. ते बाबांनी ऐकलं, मीही ऐकलं. खरंच असेल. त्यानं घरात काही बदललं नाही.

मध्ये एक गुरुवार गेला. दुसऱ्या गुरुवारी तू सतरंजी टाकलीस. बाया आल्या, कोणी कोणाकडे बघेना. एकदोघींनी पदर डोळ्याला लावला. तू मला म्हणालीस, "वही काढ." मी काढली. तू सांगत गेलीस, मी लिहीत गेले. "मागच्या बैठकीपासून दोन बाळंतपणं. लिही, रामाकोना, एक. बाई अन् मुलगी, दोघी सुखरूप." मी लिहिलं. मग म्हणालीस, "सौंसर, एक. दोघंही गेले."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "हे कायले लिवाचं, बाई? हे घरचं हाय."

"मंडळाच्या हद्दीतलं हाय," तू म्हणालीस. "लिहायचं."

मी लिहिलं. अक्षर हललं नाही. ते मला आजही आठवतं, की अक्षर हललं नाही. त्यानंतर तुम्ही विहिरीवरच्या वर्गासाठी पाट्या कुठून आणायच्या ते बोललात.

त्याच वर्षी राज्यं बदलली. नागपूर मुंबई राज्याकडे गेलं आणि आपण इकडे मध्य प्रदेशात राहिलो. तोवर नागपूर म्हणजे आपलं मोठं गाव होतं, लग्नाचा बस्ता तिथला, दवाखाना तिथला, आणि आता ते दुसऱ्या राज्यात. सरकारी माणसांना कुठं जायचं ते लिहून द्यायचं होतं. तहसीलदारांच्या बाई गेल्या, पोस्टमास्तरांच्या बाई गेल्या. गुरुवारी कोणी ना कोणी निरोप घ्यायला यायचं. एका दुपारी बाबांनी तुझ्यासमोर कागद ठेवला. ताई गेल्यापासून ते तुझ्याशी सरळ बोलत नव्हते, "तिले सांग, भाजीत मीठ नाही," असं माझ्यामार्फत, तू समोर बसलेली असताना. त्या दिवशी सरळ बोलले. "नागपूरले जाऊ. इथं आता काय ठेवलं हाय?"

तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मंडळ हाय."

बाबा कागदाकडे पाहत राहिले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. उठून गेले, आणि इथंच राहायचं लिहून दिलं. का दिलं ते मला कधी कळलं नाही. मी त्या दिवशी मनातून बाबांच्या बाजूनं होते. तुला ते माहीत असणार.

मंडळ मग हळूहळू गळालं. आठाच्या पाच झाल्या, पाचाच्या तीन. कागदपत्रं हिंदीत आली, आपण मराठीतच लिहीत राहिलो, कारण वाचणारं कोणी नव्हतंच. पुढे सरकारी नर्स आली, तिची पेटी तुझ्या पेटीपेक्षा चांगली होती, हे तूच सांगितलंस. शेवटची दोन वर्षं तू आणि मास्तरीणबाई दोघीच बसायच्या, लुगडी फाडत. कोणाला त्यांची गरज नव्हती. मी तोवर शाळेत लागले होते, मुलींच्या मराठी शाळेत. लग्न केलं नाही. लोक विचारायचे, तू विचारलं नाहीस. तू गेलीस तेव्हा तापाचे चार दिवस होते, पाचव्या दिवशी सकाळी तू नव्हतीस. बाबा त्याच्या आधीच गेले होते. सगळं नीट पार पडलं. मी रडले नाही, आणि लोक म्हणाले, आईवर गेली.

पण तू जायच्या काही वर्षं आधीचं एक राहिलं आहे. सहावीच्या वर्गात मला एक मुलगी आली. रामाकोन्याहून छोट्या गाडीनं यायची, दोन वेण्या, तेल चापून लावलेलं, उन्हानं रापलेली. पहिल्या आठवड्यात तिची आई शाळेत आली. वऱ्हांड्यात माझे पाय धरायला वाकली. म्हणाली, "तुमच्या आईनं माही सुटका केली, बाई. ही आडवी होती. दोन माणसं जात होतो आम्ही. पोरीले सांगून ठेवलं म्या, ज्या बाईनं तुले काढलं तिच्याच पोरीजवळ तू शिकून राहिली." तिला आपल्या घरचं माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. तिच्या तोंडावर काही दिसलं नाही. मी "बरं" म्हणाले आणि घंटा झाली म्हणून वर्गात गेले.

तुला कोणी सांगितलं कोण जाणे. एका संध्याकाळी भाकरी करता करता तू विचारलंस, "ते रामाकोन्याची पोट्टी तुह्या वर्गात हाय ना? कशी हाय?" इतक्या वर्षांत तू त्या दिवसाच्या इतक्या जवळ कधी आली नव्हतीस. तुझा हात तव्यावर थांबला होता. मी म्हणाले, "चाळीस पोरी आहेत. कोणाकोणाकडे लक्ष देऊ?" तू भाकरी उलटलीस. पुन्हा विचारलं नाहीस.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. ती पोर हुशार होती. गणितं माझ्या आधी सोडवायची. मी तिला शेवटच्या बाकावर बसवलं होतं, उंच नव्हती तरी. प्रत्येक प्रश्नाला तिचा हात वर व्हायचा, पूर्ण वर, कोपर कानाला टेकून, आणि मी दुसऱ्या कोणाला तरी उभं करायची. पावसाळ्यात, थंडीत, परीक्षेच्या महिन्यातसुद्धा तो हात वर होत राहिला. वर्षभरात मी तिला एकदाही उभं केलं नाही. तुला म्हणाले होते, लक्ष नाही. होतं, आई. सगळं लक्ष तिच्याकडेच होतं.