मुंबईच्या सागवानाचं मिंडेन

बाबा, गेल्या रविवारी बाल्टिमोरच्या किल्ल्यावर जाऊन आले. तुमच्या मिंडेनसाठी गेले होते. हो, अजून सगळं तोंडपाठ आहे. मुंबईच्या गोदीत, मलबारच्या सागवानातून बांधलेलं इंग्रजांचं शिडाचं लढाऊ जहाज. इंग्रजांनी या किल्ल्यावर तोफा डागल्या तेव्हा त्याच्याच डेकवर उभं राहून एका अमेरिकन माणसानं अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिलं, असं तुम्ही शाळेत पोरांना शिकवायचात आणि घरी आम्हाला. स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटतेय, आणि तुम्ही तिच्या हातातलं लाटणं ओढून कणकेच्या गोळ्यात उभं रोवताय. "ही डोलकाठी! त्यांचं ओकचं लाकूड कुजतं, आपला साग कुजत नाही!" आई ओरडतेय, "अहो, खायची कणीक आहे ती!" मी पोट धरून हसायचे. तेव्हा तुम्ही मला फार आवडायचात.

"आपलं जहाज," म्हणायचात. आपलं कसलं डोंबलाचं? जन्मभर इंग्रजांची चाकरी केली त्यानं, त्यांच्या लढाया लढलं. शेवटी हाँगकाँगला आजारी खलाशांसाठी नांगरून ठेवलं आणि मग मोडीत काढलं. तरी तुमची छाती फुगायची. आणि नव्वद साली मला मेरीलँडमध्ये प्रोग्रॅमरची नोकरी लागली, व्हिसा दाखवायला मी हौसेनं पासपोर्ट पुढे धरला, तर तुम्ही ताटावरून उठलात. "शिकवायचं आम्ही आणि चाकरी गोऱ्यांची? जा. माझ्यासाठी तू संपलीस." इथून फोन केला की रिसीव्हर आईकडे द्यायचात, "घे, तुझ्या मुलीचा आहे." शेवटपर्यंत माझ्याशी चकार शब्द बोलला नाहीत. तुम्ही गेलात, तो फोनही आईनंच केला. लाकडाला जी माया दिलीत ती पोटच्या पोरीला दिली नाहीत, बाबा. दोन हजार सहा उजाडलं तरी याचा राग आहे मला, आणि तो जावा असं वाटतही नाही.

तर किल्ला. माझी लेक बरोबर होती, नऊ वर्षांची. तटावर एक म्हातारा गाईड होता, गोड बोलणारा. तिनं त्याला ऐटीत सांगितलं, की ते गाणं ज्यावर लिहिलं, ते जहाज माझ्या आजोबांच्या मुंबईत बांधलेलं. तो हसला. "छान गोष्ट आहे, स्वीटहार्ट. पण ते काही खरं नाही. कवी एका छोट्या अमेरिकन जहाजावर होता." झालं! माझं डोकंच फिरलं. "तुम्ही कोण सांगणारे? माझे वडील इतिहासाचे मास्तर होते, जन्म गेला त्यांचा यात!" भर गर्दीत हातवारे करत बोलत होते, अगदी तुमच्यासारखे. माणसं वळून बघायला लागली. लेक बाही ओढत होती, "आई, स्टॉप इट, प्लीज!" तो बिचारा "सॉरी, मॅम" म्हणत मागे सरकत होता आणि मी काही थांबत नव्हते.

आईला यातलं काही बोललेले नाही. हा कागदही तिला दाखवणार नाही. गाईडचं बरोबर होतं, बाबा, आणि ते मला आधीच माहीत होतं. महिन्यापूर्वी इंटरनेटवर वाचलं होतं. तुम्ही खोटे ठरताना ऐकायचं, म्हणूनच तर सुट्टीच्या दिवशी एवढं ड्राइव्ह करून गेले होते. त्यानं ते म्हटलं, आणि मला सहन झालं नाही.