डब्यातल्या मांसाचे रॅप

प्रिय धाकटे,

दीड वर्षानं माझं पत्र बघून घाबरू नकोस. आई सुखरूप आहे. महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली. दोन घास खाते नि ताट सरकवते. अंगात ताकद नाही तर ती उभी कशी राहणार, म्हणून डॉक्टरांनी मलाच झापलं.

गेल्या सोमवारी तिनं आपणहून काहीतरी मागितलं. तू कॉलेजात असताना रॅपच्या काउंटरवर काम करायचीस, शनिवारी उरलेले रॅप घरी आणायचीस, तसला एक. गेलो, तर तिथे आता चष्म्याचं दुकान. कोंबडी आणावी तर सोमवारी बाजार बंद. शेवटी तुझ्या वहिनीनं अडीअडचणीला ठेवलेले मांसाचे दोन हवाबंद डबे फडताळातून काढले. डबा उपडा करून बुडावर थापट्या मारल्या, तेव्हा साबणाच्या वडीसारखं ते घसरत बाहेर आलं. वहिनी म्हणाली, हे मांजरसुद्धा हुंगणार नाही.

मी पडलो कारखान्यात लेथवर लोखंड कापणारा माणूस. बोटभर जाडीचे एकसारखे तुकडे कापले, तव्यावर बिनतेलाचे परतले, कारण त्याचीच चरबी भरपूर सुटते. वर सवयीनं मीठ घातलं! ते मुळातच खारवलेलं. चाखलं आणि तोंड धुऊन आलो. दुसऱ्या डब्याच्या वेळी मिठाला हात लावला नाही. कडा कुरकुरीत झाल्यावर मैद्याच्या पातळ पोळीवर मेयोनीज, टोमॅटो सॉस, व्हिनेगरचे चार थेंब, बारीक चिरलेला कोबी. घडी मात्र तुझी. आधी खालची बाजू वर, मग डावी, आणि उजवी कड आत खोचायची. नाहीतर माझा रॅप म्हणजे फाटकी उशी, असं तूच म्हणायचीस.

आईनं अख्खा खाल्ला. कागदाला लागलेला सॉससुद्धा बोटानं पुसून खाल्ला. मग म्हणाली, "कड कशी आत खोचलीय. धाकटी आलीय ना?"

मी हो म्हणालो. येऊन गेली, तू झोपली होतीस, पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहे, असंही ठोकून दिलं. तेव्हापासून ती दोन्ही वेळा जेवते. रविवारी मला खुर्चीत बसवा म्हणते.

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी हे माझ्या तोंडून निघालं नसतं. बाबा गेले तेव्हा तू दोन दिवस उशिरा पोचलीस आणि मी फाटकातच म्हणालो, पुन्हा या घराचा उंबरठा चढू नकोस. तुला सुट्टीच मिळत नव्हती, हे नंतर कळलं, तरी मी ताठ्यातच राहिलो. चूक माझी होती. आईला यातलं काहीच माहीत नाही. तुला कामातून सवड होत नाही, एवढंच तिला वाटतं. रविवारी सकाळच्या गाडीनं ये. मी स्टेशनवर उभा असेन. माफी तिथेच मागतो, मग घरी जाऊ.

तुझाच,
दादा