शुक्रवारचं व्होल्टेज

मानकोली,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. दीपेश,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा आता वाकतो. हेमाली दहावीला बसतेय, मामाला सांग म्हणाली, सांगितलं.

बाबांच्या मागे कापडाचे बारा लूम मी चालवते. विजेच्या बिलाने कंबर मोडली, तेव्हा शेडच्या पत्र्यावर सोलर बसवायचं तूच सुचवलंस. नाहीतर लूम भंगारातच जायचे होते. सोलरच्या सर्व्हेच्या कंपनीत नोकरी तुझी, म्हटलं घरचा वैद्य आहे. आपली शेड लाइनच्या टोकाला, तिथे वीज तयार झाली तर अख्ख्या लाइनला फायदा, असं तू समजावलंस. फक्त शुक्रवारी सुट्टी, सगळ्यांचे लूम बंद, वापर कमी, तेव्हा व्होल्टेज किती चढतं ते आधी बघायला हवं म्हणालास. दोन महिने दर शुक्रवारी दुपारी बाराला मी बंद शेडमध्ये मीटरपुढे उभी राहिले आणि आकडे तुला पाठवले.

काल परवानगीचं विचारायला वीज कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, या लाइनवर आता आणखी सोलर जोडायला जागा नाही, पूर्णा गावातल्या एका गोदामाच्या सोलरने सगळी घेतली. मी हुज्जत घातली तेव्हा त्यांनी त्या गोदामाची फाइल पुढे सरकवली. आठ शुक्रवार, आठ आकडे. सगळे दुपारी बाराचे, एकच तेवढा एक वाजून चाळीसचा. आई न्हाणीत पडली, तो दिवस. तिला दवाखान्यात बसवून मी धावत शेडवर आले होते, तुझं काम अडायला नको म्हणून.

खाली सही तुझी.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "माजा दीपेश असा करनार न्हाय."

तुझ्यावर वरून दबाव असेल, मलाही कळतं. एक फोन करायचास. भांडले असते, रडले असते, पण बहीणच राहिले असते. परवानगी गेली त्यापेक्षा, माझ्याच हातून तू हे करून घेतलंस, ते फार लागलंय रे.

हरकत घ्यायला पंधरा दिवस आहेत. अर्ज तयार आहे. आकडे कुणी घेतले, कुणाला आणि कशासाठी दिले, हे सगळं या पत्रात आलंय, म्हणून याची एक प्रत अर्जाला जोडली आहे. तुझी नोकरी जाईल, हे कळूनच जोडली.

मैना हरेश भोईर
अर्जदार