आधी दोन फेऱ्या

बाबा, गेल्या महिन्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, पोटाला पूर्वी काही झालं होतं का. मी म्हटलं, पंधराव्या वर्षी अपेंडिक्स काढलं आणि ती जखम पुन्हा उसवली. कशी उसवली, ते सांगितलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची अब्रू मीच सांभाळतेय, याचाच आज जास्त राग येतोय.

तेव्हा आपण तिकडे हिंदी मुलखात, बरखेड्याच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो. मला डायबिटीस होऊन तीन वर्षं झाली होती. डॉक्टरांनी तुमच्यासमोर बजावलं होतं, सहा आठवडे पळायचं नाही, हळूहळू चालू दे, इन्सुलिन दिल्यावर उपाशी ठेवू नका. तुम्ही मान डोलावलीत. आणि ऑपरेशननंतर सतराव्या दिवशी सकाळी, इन्सुलिन टोचून झालेलं, आई पोह्यांची बशी घेऊन येतेय, तर तिला थांबवून मला म्हणालात, "आधी मैदानाच्या दोन फेऱ्या, मग खाणं. अशी लोळत राहिलीस तर जन्मभर पेशंटच राहशील."

मी पळतेय. तुम्ही हातातल्या घड्याळाकडे बघताय. शेजारचे काका फिरायला आलेले, ते थांबून म्हणतात, "साहब, बच्ची पीली पड़ गई है, बिठा दीजिए." तुम्ही हसून म्हणता, नाटक करते ही. दुसऱ्या फेरीत मी कोसळले. साखर उतरली होती आणि पोटाजवळ कुडता ओला झाला होता. पुढे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगितलंत, पोरगी बाथरूममध्ये घसरली. मी तिथेच खाटेवर होते, बाबा. सगळं ऐकत होते. तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत.

आता फिजिओथेरपीवाली मुलगी मला सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालवते. आधी साखर तपासते, खिशात ग्लुकोज आहे ना ते बघते. पहिल्या दिवशी म्हणाली, "काही वाटलं तर लगेच सांगायचं, मॅडम. लपवायचं नाही." मला एकदम रडू आलं. तिला वाटलं, दुखतंय.

हे पत्र आईच्याही हाती लागू देणार नाही, कारण एक गोष्ट तिलाही माहीत नाही. मला चक्कर पहिल्याच फेरीत आली होती. मी बोलले नाही. दुसरी पुरी केली तर तुम्ही शाब्बास म्हणाल, असं वाटलं होतं.