साडेएकोणीस इंच

बाबा, तुमची बेंडकी, ती तीनचाकी, काल शेडबाहेर काढली. धाकट्या भावानं काढली म्हणा, मी कडेला उभी राहून अरे हळू, अरे खांब आहे, एवढंच करत होते. निर्मलला जुन्या गाड्या मांडणार आहेत, तिथं त्याला ती न्यायची आहे. बोअरचा सर्व्हे करायला आलेले परदेशी साहेब ही फुग्या टायरची तीनचाकी आदिलाबादच्या तुमच्या ऑफिसात टाकून गेले, वर्षभर तिला कुणी हात लावला नाही, आणि मग तुम्ही ती हापशा दुरुस्त करायला जंगलातल्या गुड्यांवर, आदिवासी पाड्यांवर, नेऊ लागलात, हे तो आता येईल त्याला कौतुकानं सांगतो. इंजिन त्याचं त्यानं सुरू केलं. पण सीटवर बसलं की गाडी मागून पार खाली बसते, म्हणून परवा फोन केला, "ताई, एक दिवस येऊन जाय. बाबांसोबत टेप तूच धरत होती. मले त्यातलं काईच समजून नाही राह्यलं." मी म्हटलं, गुडघे गेलेत माझे, नोकरीची दोन वर्षं उरलीत, आता मला मातीत कशाला बसवतोस. पण गेले. तुमच्या गाडीला नाही म्हणणं मला जमत नाही, आणि का जमत नाही ते मला चांगलं ठाऊक आहे.

तुमची पद्धत मी विसरले नव्हते. आधी मागचा भाग ठोकळ्यावर उचलायचा म्हणजे चाकं लोंबतात, मग चाकाच्या मधल्या बोल्टापासून सीटखालच्या खुणेपर्यंत टेप लावायची. बावीस इंच. मग गाडी खाली घ्यायची, तुम्ही सीटवर बसायचं, दोन्ही पाय वर घ्यायचे, आणि मी मागं उकिडवं बसून पुन्हा टेप लावायची. बावीसातून जेवढं कमी झालं तेवढी स्प्रिंग बसली. अडीच इंच बसली तर ठीक, त्याच्या खाली गेली तर शॉकअपवरची रिंग पान्यानं आवळायची आणि परत मोजायचं. सामान बदललं की परत मोजायचं. मी कंटाळून म्हणायची, बाबा, नुसतं बघून कळत नाही का तुम्हाला? तुम्ही म्हणायचे, "डोया खोटं बोलते बाई, टेप नाही बोलत." मी सांगितलेला आकडा, सोबत सामान काय आणि रिंगेचे फेरे किती, हे सगळं तुम्ही खिळ्यानं मडगार्डच्या आतल्या बाजूला कोरून ठेवायचे. ऑफिसातले हसायचे, पोरीला काय मिस्त्री करता का म्हणून. तुम्ही म्हणायचे, माह्या पोरीची नजर बारीक आहे.

मी तेरा वर्षांची. दसऱ्याचा दिवस, म्हणजे आपल्याकडं विहारात जायचा दिवस. आईनं मला पांढरा ड्रेस शिवला होता, जन्मातला पहिला नवा पांढरा, कारण त्याआधी मावसबहिणींचे जुनेच निळीत बुडवून घालायचे. मी वेणीला पांढरी रिबीन लावून अंगणात उभी. तेवढ्यात नार्नूरच्या पलीकडच्या गुड्यावरून दोघी बाया आल्या, चालत आणि मिळेल त्या गाडीनं. हापशी बंद, दोन दिवस झाले, नाल्याचं पाणी पिऊन लेकरं आजारी पडली होती. सुट्टी असून तुम्ही नाही म्हटलं नाही. लोखंडी पाईप, पाने, चामड्याचे वायसर, सगळं मागच्या कॅरेजवर बांधलं, वर बसलात, पाय उचललेत आणि म्हणालात, "मोज वं बाई, लवकर." मागं चिखल होता. इंजिनाचं काळं ऑइल सांडलेलं होतं. मी वाकल्यासारखं केलं, टेपचा पत्रा जोरात वाजवला, आणि मागच्या खेपेला तुम्ही एकटे बसला होता तेव्हाचा आकडा तोंडपाठ होता तो सांगून टाकला. साडेएकोणीस. तुम्ही मान तिरपी करून म्हणालात, "काऊन वं, खाली वाटून राह्यली मले." मी म्हटलं, मोजलं ना बाबा! तुम्ही आकडा कोरला, रिंगेला हात लावला नाही, आणि मला म्हणालात, जाय, वंदनेला उशीर होईन. बुद्धाशप्पथ सांगते, विहारात मी पंचशील मोठ्यानं म्हटलं. चौथं सुद्धा, खोटं न बोलण्याचं.

नाल्याच्या दगडांत गाडी मागून सगळी बसली आणि दणका तुमच्या मणक्यात गेला. तशात तुम्ही हापशी सुरू केली आणि मगच गुड्यावरच्यांनी तुम्हाला बैलगाडीत आडवं घातलं. त्यानंतर जंगल बंद. कमरेला पट्टा बांधून तुम्ही ऑफिसात आवक-जावक लिहीत बसलात, तुम्ही, ज्यांना पंख्याखाली कधी करमायचं नाही! आई एकदा चिडून म्हणाली, त्या पोरीनं नीट मोजलं तरी होतं का? तुम्ही पलंगावरूनच ओरडलात, "टेपीले अन् माह्या पोरीले काही म्हणू नको. दगडच मोठा होता." मी दाराआड होते. तेव्हाच पुढं यायला हवं होतं. नंतर दहावी झाली, नोकरी लागली, तुम्ही गेलात, आणि दर वर्षी ते सांगणं थोडं आणखी जड होत गेलं. आता इतकी दमले आहे की जड काय आणि हलकं काय, काही कळत नाही.

काल मी खरंच खाली बसले. गुडघ्याखाली पोतं घेतलं, धाकट्याला म्हटलं, पाय वर घे, श्वास रोखू नको, हत्ती कुठला. सव्वासतरा. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा सव्वासतरा. त्यानं रिंग आवळली, मी परत मोजलं, असं चार वेळा करून साडेएकोणीसवर आणली. मग आकडा कोरायला म्हणून त्यानं मडगार्ड फडक्यानं पुसलं आणि तुमचे आकडे वर आले, तुमचं ते उभं, शाळेतल्यासारखं अक्षर. तो वाचत राहिला. "ताई, हे काय वं? एकटा साडेएकोणीस, अन् पाईप धरून बी साडेएकोणीस, रिंगेचे फेरे बी तेवढेच? असं कसं होईन?" त्याच्या हातात खिळा, माझ्या हातात टेप. अंगणात आम्ही दोघंच. एवढ्या वर्षांत मला असं कुणी सरळ विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "बाबाच चुकले असतील लिहिताना." तो हसला आणि म्हणाला, चला, बाबांची बी चूक होत होती म्हणजे.

हे लिहिलं ते त्यालाच वाचायला द्यावं असं मघाशी वाटलं होतं. घडी घातली, पण तो चहा घेऊन आला तशी कागद पर्समध्ये टाकून चेन लावली, आणि तो गेल्यावर पुन्हा काढून एवढं लिहिते आहे. तुम्ही मरेपर्यंत माझी बाजू घेतलीत बाबा, आणि मी काल तुमचं नाव पुढं केलं. त्या वेळी अंगावर नवा पांढरा ड्रेस तरी होता. काल मी जुनी, विटकी साडी नेसून गेले होते, मळायला काहीच नव्हतं, तरी खोटं बोलले.