उडत्या वस्तादाची शेवटची चौकट

गुरुवार, संध्याकाळ

उद्या सकाळी पाने छापखान्यात द्यायची आहेत आणि शेवटची चौकट अजून कोरी आहे. 'उडता वस्ताद' या आमच्या विनोदी चित्रमालिकेचा हा तिसरा अंक, आणि शेवटचाही. विक्रेते पुढचा ठेवायला तयार नाहीत.

आमचा वस्ताद तालमीतल्या मारुतीला नमस्कार करून, जोर काढून मगच उडतो. तोवर चोर निसटतो. सारा विनोद त्यातच आहे. पण चित्रकार सलीमभाई आज भडकले.

"साहेब, दोन अंकांत एक बी चोर घावला न्हाय! आता तरी नमस्कार न करता उडू दे की त्याला."

मी साफ नकार दिला. नियम मोडला तर तो वस्ताद कसला?

"मग तुमीच काढा चित्रं," म्हणाले आणि निघून गेले.

मी ताठर वागलो का? वाचकाला एकदा तरी चोर पकडलेला हवा, यात त्यांचे काय चुकले? चौकट कोरीच राहिली तर मालिकेबरोबर कॉलेजपासूनची मैत्रीही संपेल. दोनदा फोन लावला. उचलला नाही.

आत्ता त्यांचाच आला.

"साहेब, चोर कोल्हापूरचाच न्हवं?"

"अर्थात."

"मग तालमीपुढनं पळताना तो बी मारुतीला हात जोडायला थांबणार की! डोळं मिटून!"

मला हसू आवरेना. वस्तादाचे जोर तोवर नक्की पुरे होतील. केव्हा येता, एवढेच विचारले.

"दार उघडा आधी. जिन्यात हुबा हाय."