चुकलं की पहिल्यापासून

मंगळवार, २

कालच्या नोंदीत चूक आहे. आधी ती दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, 'तिसऱ्या ओळीत सूर घसरला म्हणून बाईंनी मला थांबवलं.' खोटं! बाई उलट 'चालू दे, चालू दे' म्हणत होत्या. मीच थांबले. व्हायोलिन खाली घेतलं, पुन्हा हनुवटीखाली धरलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. एकदा नव्हे, पाचदा. शेवटी बाई पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

हे कालच का नाही लिहिलं? लाज वाटली. वही कोण वाचणार आहे – तरी वाटली.

बुधवार, ३

आज बाईंनी विचारलं, ही पहिल्यापासून सुरू करायची खोड कुठली? सांगितलं. अकराव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेलेच नाही. लहानपणी सारखी आजारी असायची, म्हणून बाबांनी घरीच शिकवलं. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे, दुपारी घरी यायचे, जेवणाच्या टेबलावर आमची शाळा भरायची. पाढे असोत, कविता असोत – चुकलं की बाबा काही बोलत नसत. नुसतं एक बोट वर करायचे. बोट वर म्हणजे पहिल्यापासून. रागावणं नाही, मारणं तर कधीच नाही.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे तुझी पहिली ओळ हजारदा वाजवून झालीय. शेवटची किती वेळा?"

मोजता आली असती. बोटांवर.

घरी येऊन आठवून बघितलं. मला चाळीसेक कवितांची पहिली कडवी तोंडपाठ आहेत. शेवटचं एकही धड येत नाही.

शुक्रवार, ५

वर्गाचा कार्यक्रम रविवारी २१ तारखेला, संध्याकाळी पाच वाजता. माझं नाव दुसरं, लहान मुलांच्या लगेच नंतर. चार ओळींची एक अंगाई, बस्स. आठ महिन्यांत मला तेवढीच येते.

बाबा येणार. पहिल्या रांगेत बसणार, कारण त्यांना लांबचं दिसत नाही. मला दिसतं! त्यांचं बोट मला शेवटच्या रांगेतूनही दिसेल. ते वर झालं की माझे हात आपोआप मागे जातील – भर सभागृहात, पन्नास माणसांसमोर. अंगाई संपणारच नाही. लोक चुळबुळ करतील, कुणीतरी उगाच टाळ्या वाजवून मला खाली उतरवेल.

हे लिहितानाही तळवे ओले झालेत. पान चिकटतंय.

रविवार, ७

बाईंनी आज माझ्याकडून फक्त शेवटची ओळ वाजवून घेतली. तासभर. वर एक कागद चिकटवून पहिल्या तीन ओळी झाकूनच टाकल्या. म्हणाल्या, "ही अंगाई आहे. तू सुरांची हजेरी घेतल्यासारखी वाजवतेस. सगळे सूर हजर, बाळ मात्र टक्क जागं."

मी लगेच पेन्सिल काढली, कुठे हळू, कुठे जोरात ते लिहून घ्यायला. बाईंनी ती काढून घेऊन स्वतःच्या केसांत खोचली. प्रत्येक ओळ कुठेतरी निघालेली असते, म्हणाल्या, कुठे निघालीय ते शोध. आधी गुणगुणून बघायला लावलं. माझा आवाज काय, भांडं घासल्यासारखा. पण गुणगुणताना शेवटून तिसऱ्या सुरावर मी आपसूक थोडी रेंगाळले. "तिथेच निघालीय," बाई म्हणाल्या. मग त्याच सुरावर गज दाबायचा नाही, नुसतं हाताचं वजन सोडायचं. आणि शेवटच्या सुरावर गज संपला तरी हात लगेच खाली आणायचा नाही.

सात-आठदा जमलं नाही. मग एकदा जमलं. सूर संपला, हात वरच राहिला, आणि खोलीत काहीतरी अजून चालूच होतं.

मी आनंदाने नाचायला हवं होतं. घाबरले. बरोबर वाजलं की मला कळतं का बरोबर ते – बोट योग्य जागी, गज सरळ. हे का झालं ते कळलं नाही. पुन्हा झालं नाही तर?

गुरुवार, ११

चष्म्याच्या दुकानात आज गर्दी. मी चष्म्यांचे नंबर रजिस्टरात उतरवते आणि तीन-तीनदा तपासते. मालक म्हणतात, तुझ्या नजरेनेच काचा झिजतील एक दिवस. (दोनदाच तपासून बघू का? नाही. डोळ्यांचा मामला आहे.)

एक आजी डोळे तपासायला आल्या होत्या. तक्त्यावरची अक्षरं वाचता वाचता अडखळल्या आणि स्वतःच म्हणाल्या, थांबा हं, वरून वाचते. डॉक्टर म्हणाले, "आजी, वरचं सगळ्यांनाच दिसतं. नंबर खाली कळतो. चुकलं तर चुकू द्या, पुढे चला."

आजी पुढे गेल्या. दोन अक्षरं चुकीची सांगितली, हसल्या, संपवलं. मी रजिस्टर हातात धरून नुसती उभी. मालकांनी दोनदा हाक मारली म्हणे.

शनिवार, १३

आईच्या डोक्यात आलं की आज घरीच वाजवून दाखव, भीती मोडेल. बाबा खुर्ची ओढून बसले, सदऱ्याची बटणं लावली, मांडीवर हात. चिमणी त्यांच्या पायाशी. चिमणी म्हणजे माझी धाकटी बहीण, सात वर्षांची. ती शाळेत जाते, तिच्या वाट्याला बाबांची शिकवणी कधी आली नाही.

पहिली ओळ झाली. दुसरीत गज तारेवर किंचित करकरला. बोट वर!

मी मागे गेले. विचारसुद्धा केला नाही. हातच गेले. मग पुन्हा बोट, पुन्हा मागे. सातदा. शेवटची ओळ आलीच नाही. चिमणीला दुसऱ्या खेपेपासून मजा वाटायला लागली. मी थांबले की बाबांच्या आधी तिचंच बोट वर.

बाबा उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पहिली ओळ अगदी सुरेख झालीय, बाळ," म्हणाले. मनापासून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. असं प्रेम असल्यावर बोलायचं तरी काय? आणि कुठल्या तोंडाने? मला वाचता येतं ते त्यांच्यामुळेच.

रात्री जेवण गेलं नाही. पोट दुखतं असं मी सांगितलं. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

मंगळवार, १६

बाईंना सांगितलं, माझं नाव काढा. त्यांनी 'का?' असं विचारलं नाही. एवढंच विचारलं की भीती चुकण्याची वाटते की बोटाची. मग म्हटलं, बोटाची. चुकतो तर सगळेच.

"मग त्यांना खांबामागची खुर्ची देऊ?" बाई म्हणाल्या. मला हसू आलं, नंतर रडू. दोन्ही एकदम येतात तेव्हा नाक फार वाईट वाहतं.

नाव काढायचं की नाही ते शुक्रवारी रात्रीपर्यंत कळव, म्हणाल्या. आज तिसरी ओळ. तिचा ओढा दुसऱ्या सुराकडे आहे. तिथे सूर किंचित वर चढतो, मान वळवून कुणीतरी आत बघावं तसा. मला तो आवडतो. भीती वाटत असतानाही आवडतो हे नवीन.

गुरुवार, १८

नाव काढायचं. ठरलं. ताप आला म्हणून सांगेन. (आलेला नाही. तीनदा बघितला.)

शुक्रवार, १९

जेवताना बाबांनी सांगितलं, सोमवारपासून ते चिमणीला व्हायोलिन शिकवणार. स्वतः. माझ्या पुस्तकावरून, रोज दुपारी, याच टेबलावर. "मला वाजवता येत नसलं तरी चूक ऐकू येते," म्हणाले. शिंप्याच्या टेपने तिच्या हाताचं मापही घेतलं. चिमणी एवढी खूश की जेवलीच नाही.

बाईंना फोन केला. नाव राहू द्या म्हटलं.

परवा, रविवार, २१ तारीख, संध्याकाळी पाच. तिसऱ्या ओळीतला दुसरा सूर, मला सगळ्यांत आवडतो तोच, मी मुद्दाम चुकीचा लावणार. सगळ्यांना ऐकू जाईल असा. आणि बोट वर झालं तरी पुढे जाणार. चिमणी बाबांच्या शेजारीच बसणार आहे.